बळ्ळारी नाल्याचा हिशेब एका पानावर मांडा : बेळगाव महापालिकेला खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. उपमहापौर, मा. आयुक्त आणि 58 वॉर्डांचे सर्व नगरसेवक,
बेळगाव महानगरपालिका.

विषय : पर्यावरणाची कामं कशी ठरवावीत आणि त्यांचा पैसा अंदाजपत्रकात कसा दाखवावा याबाबत.

सन्माननीय महोदय आणि भगिनींनो,

एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की पाच टक्के सूट मिळते, म्हणून वडगाव-शहापूरची माणसं मार्च संपायची वाट बघत असतात. चलनावर मूळ कराखाली ग्रंथालय उपकर, आरोग्य उपकर, भिक्षुक उपकर असे रकाने असतात. ते आम्ही वाचतो, थोडं कुरकुरतो आणि भरतो. आम्ही कुठल्या नावाखाली किती दिलं हे महापालिका आम्हाला रुपयापर्यंत सांगते. उलट बाजूचं तसं नाही. बळ्ळारी नाल्यावर वर्षभरात सगळे मिळून किती खर्च झाला, राकसकोप-हिडकल या जलाशयांचं पाणी शहरात चढवायला विजेचं बिल किती आलं, लावलेल्या झाडांतली किती जगवायला पैसे ठेवले होते, हे आम्हाला एका जागी वाचायला मिळत नाही. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात ते असतं, पण बांधकामाच्या शीर्षाखाली थोडं, आरोग्याच्या शीर्षाखाली थोडं, अनुदानाच्या शीर्षाखाली थोडं. उरलेलं दुसऱ्याच खात्याच्या पुस्तकात.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडे काम आहे म्हणून पैसा शोधला जात नाही. योजना आली की तिच्या अटीत बसेल असं काम शोधलं जातं. केंद्राची स्मार्ट सिटी योजना आली तेव्हा त्या मापाची कामं निघाली, शहरांच्या पाणी-सांडपाण्याची अमृत योजना आली तेव्हा त्या मापाची. योजना संपली की काम जिथं असेल तिथं थांबतं आणि त्याची देखभाल कुणी करायची हा प्रश्न गटारीच्या कडेला पडून राहतो. ‘शाश्वत’ असं फलकावर लिहिलेलं काम तीन पावसाळे टिकत नसेल, तर खोट कंत्राटदारापेक्षा आखणीतच जास्त आहे, असं मला वाटतं.

सुरुवात बळ्ळारी नाल्यापासून करतो, कारण मी त्याच्याच शिवारातला आहे.

येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, माधवपूर, जुने बेळगाव, हलगा. या पट्ट्यातली काळी माती आपल्याला नवी नाही. बेळगाव बासमतीचं नाव झालं ते याच शिवारामुळे, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा येतो तोही इथलाच. नाला या सगळ्यातून जातो आणि पुढे मार्कंडेय नदीला मिळतो. पूर्वी तो शेताचा नाला होता. आज शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, प्लॅस्टिक, बांधकामाचा राडारोडा आणि उन्हाळ्यात जलपर्णी, एवढं सगळं घेऊन तो चालतो. जुलैत दोन दिवस जोराचा पाऊस झाला की पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं आणि नुकत्याच लावलेल्या रोपात शिरतं. रोप चार-पाच दिवस पाण्याखाली राहिलं की कुजतं. मग दुबार लावणी, दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा मजुरी. धूळवाफ म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी केलेल्यांचं तर बियाणंच वाहून जातं. दरवर्षी कुणीतरी साहेब बांधावर येतात. मागच्या एका पावसात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं वाक्य अजून सगळे सांगतात : ‘पाणी शिवारात शिरूलंय, नि हे फोटो काढूलेत.’

आता या नाल्याचे मालक मोजा. शहराच्या हद्दीत गटारी आणि ड्रेनेज महापालिकेचं. नवीन वसाहतींचा आराखडा बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा. हद्दीबाहेर येळ्ळूरसारखी ग्रामपंचायत. नाला म्हटलं की बोट लघु पाटबंधारे खात्याकडे. महामार्गाखालचे पूल आणि मोऱ्या महामार्ग प्राधिकरणाच्या. अतिक्रमणाचा विषय आला की महसूल खातं. हलग्याचा सांडपाणी प्रकल्प आणखी वेगळ्या निधीतून. प्रत्येकाकडे स्वतःचं अंदाजपत्रक, स्वतःचा अभियंता आणि स्वतःचं ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’. यातलं प्रत्येक खातं आपापल्या जागी खरंच बोलत असेल. पण पाणी खातं बघून वाहत नाही. वरच्या बाजूला रस्ता करताना गटार रुंद केली की खालच्या शेतात पाणी लवकर पोचतं. ते काम वरच्या वॉर्डाच्या खात्यात ‘पूरनियंत्रण’ म्हणून जमा होतं, आणि खाली येळ्ळूर रस्त्याच्या शिवारात त्याचा पूर होतो.

म्हणून पहिली मागणी. पुढच्या अंदाजपत्रकाला एक पुरवणी जोडा. तिच्यात वॉर्डाप्रमाणे यादी नको, पाण्याच्या वाटेप्रमाणे पानं हवीत. एक पान बळ्ळारी नाल्याचं, एक लेंडी नाल्याचं, एक मार्कंडेयच्या बाजूचं. त्या पानावर उगमाकडून खाली येत प्रत्येक टप्प्यावर यंदा कोण काय करणार, कुठल्या निधीतून आणि किती रुपयांत, हे लिहा. महापालिकेचं काम असेल तर महापालिकेचं नाव, बुडाचं असेल तर बुडाचं. जिथं कुणीच काही करणार नाही तिथं ‘तरतूद नाही’ असं स्वच्छ लिहा. त्याची लाज वाटायचं कारण नाही. निदान कुणाच्या दारात जायचं ते आम्हाला कळेल.

हे महापालिकेच्या अधिकारात बसत नाही असं उत्तर येईल, म्हणून आधीच सांगतो. राज्यघटनेच्या कलम 243झेडडीत जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे, ती नेमकी याचसाठी. पंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पर्यावरणाचं रक्षण यांचा जिल्ह्याचा आराखडा करणं हे तिचं काम आहे. शहर आणि येळ्ळूर यांच्यामधली हद्द ओलांडणारा नाला यापेक्षा योग्य विषय तिला कुठला मिळणार? महापालिकेनं ठराव करून हा विषय समितीपुढे ठेवावा. ठरावाला पैसे लागत नाहीत.

आता पैशाकडे येतो. आमच्यासारख्या माणसाला वाटतं की ‘महापालिकेकडे निधी आला’ म्हणजे एक मोठी पेटी आली आणि साहेब तिच्यातून हवे तसे काढतात. तसं नसतं हे हळूहळू कळलं. घरपट्टी, पाणीपट्टी, परवाने, गाळ्यांची भाडी हे महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न. राज्य वित्त आयोगाचं अनुदान वेगळं. राज्याच्या नगरोत्थान योजनेचा निधी वेगळा. केंद्राच्या 15व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातला 40 टक्के भाग मोकळा होता. उरलेल्या 60 टक्क्यांपैकी निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी बांधलेला, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. शिवाय हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची अट होतीच. राज्याच्या नियमाप्रमाणे 24.10 टक्के रक्कम अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांसाठी आणि 7.25 टक्के इतर मागास व गरीब घटकांसाठी बाजूला काढावी लागते, आणि ती काढलीच पाहिजे.

हे सगळं सांगायचं कारण असं की पाणी आणि कचरा या दोन विषयांसाठी पैसा मुद्दाम बांधून पाठवला जातो, आणि त्यात ‘पावसाचं पाणी साठवणं’ हे शब्द स्पष्ट आहेत. त्या शब्दाखाली बेळगावात गेल्या पाच वर्षांत नेमकं काय झालं, ते एका पानात सांगा. पुढच्या आयोगाच्या अटी काहीही असोत, मागचा हिशेब मांडल्याशिवाय पुढची मागणी जोरानं करता येत नाही.

मोठ्या योजनांचं गणित आणखी वेगळं. अमृत 2.0 ऑक्टोबर 2021मध्ये सुरू झाली. एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरात तिच्या प्रकल्पाचा एक तृतीयांश खर्च केंद्र देतं, बाकीचा राज्यानं आणि महापालिकेनं उभा करायचा. 2011च्या जनगणनेत पाच लाखांच्या जरा खाली असलेलं आपलं शहर त्या गटात बसतं. स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांच्या यादीत जानेवारी 2016मध्ये बेळगावचं नाव आलं तेव्हा पेढे वाटले गेले होते. केंद्राकडून प्रत्येक शहराला पाच वर्षांत 500 कोटींपर्यंत आणि तेवढीच भर राज्य व शहराची, असं ते प्रकरण होतं. मुदत वाढत वाढत 31 मार्च 2025ला अभियान संपलं. काम करायला स्वतंत्र कंपनी होती. तिच्या संचालक मंडळाची बैठक आणि तुमची सर्वसाधारण सभा या दोन वेगळ्या गोष्टी. त्यातच सप्टेंबर 2021पर्यंत अडीच वर्षं महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, आणि निवडणूक झाल्यावरही महापौर निवडायला 2023 उजाडलं. शहराचे सगळ्यात मोठे निर्णय झाले त्या काळात आमच्या वतीनं विचारणारं कुणी सभागृहात बसलेलं नव्हतं. यात तुम्हा नगरसेवकांना दोष देता येत नाही. पण आता तुम्ही आहात, आणि त्या कंपनीनं बांधलेल्या गोष्टी सांभाळायची वेळ तुमच्यावर आली आहे.

रस्ते, फूटपाथ, कणबर्गीचा तलाव, व्हॅक्सिन डेपोतली कामं. यातल्या प्रत्येकाला उद्यापासून रखवालदार, माळी, वीज, दुरुस्ती लागणार. भांडवली खर्च योजनेनं दिला, महसुली खर्च घरपट्टीतून जाणार. लग्नाला सगळं गाव मदत करतं, संसार मात्र दोघांनाच करावा लागतो, तसं हे आहे. समजा पाच कोटींचं एक उद्यान झालं आणि त्याला वर्षाला तीस लाख देखभाल लागते. दहा वर्षांत तेच तीन कोटी झाले. ते तीन कोटी कुठल्या उत्पन्नातून येणार हे मंजुरीच्या दिवशी कुणी विचारलं का? विचारलं नसेल, तर चौथ्या वर्षी उद्यानाचं फाटक बंद, दिवे फुटलेले आणि कारंजं कोरडं दिसणार. तेव्हा आपण म्हणणार, बेळगावच्या लोकांना जपायची सवय नाही.

म्हणून दुसरी मागणी. पर्यावरणाच्या नावानं येणाऱ्या कुठल्याही कामाला कर, अर्थ आणि अपील स्थायी समितीनं मान्यता देण्याआधी त्याच कागदावर दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा आणि त्याचा उत्पन्नाचा स्रोत लिहिलेला असावा. नसेल तर विषय परत पाठवावा. कंत्राटदाराच्या दोषदायित्वाची, म्हणजे मोडलेलं त्यानंच दुरुस्त करून द्यायची, मुदत कधी संपते हेही तिथंच लिहावं, कारण बहुतेक गोष्टी ती मुदत संपल्यावरच मोडतात. हा योगायोग मला अजून उलगडलेला नाही.

घाईची किंमत काय होते याचं उदाहरण शहापूरच्या माणसाला सांगायला नको. शहापूरहून जुन्या पी. बी. रोडला जोडणारा रस्ता आधी झाला, जमिनीचा व्यवहार मागे राहिला, आणि 2024 साली उच्च न्यायालयात भरपाईचा आकडा 20 कोटींवर गेला. वीस कोटी! महापालिकेच्या तिजोरीची चर्चा त्या महिन्यात चहाच्या टपरीवर होत होती. तो रस्ता कुणाच्या काळात, कुणाच्या सहीनं झाला, यात मला पडायचं नाही. एवढ्या रकमेत बळ्ळारी नाल्याचा गाळ किती वेळा निघाला असता, असा विचार शेतकरी करणारच.

पाण्याच्या बाबतीत थोडं जास्त लिहितो, कारण तिथं आपल्या शहराकडे स्वतःची अक्कल आहे आणि ती आपण विसरलो आहोत.

1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथं झालं. त्याच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली, तिला पंपा सरोवर म्हणत. आज तिला आपण काँग्रेस विहीर म्हणतो. तिला खर्च आला 4,370 रुपये 3 आणे. शंभर वर्षांनंतरही आण्यापर्यंत हिशेब सापडतो. डिसेंबर 2024मध्ये शताब्दीच्या निमित्तानं शहरभर रोषणाई झाली, तिचा हिशेब आणखी शंभर वर्षांनी असाच सापडेल अशी आशा करूया. पुढे 1995च्या पाणीटंचाईत याच महापालिकेनं शहरातल्या जुन्या विहिरी शोधल्या, गाळ उपसला आणि त्यांचं पाणी वापरात आणलं. कुठल्याही मोठ्या सल्लागार कंपनीच्या फाइलमधून ते आलं नव्हतं. टंचाई होती, विहिरी होत्या, आणि जोडणारं डोकं होतं.

आज आपल्या नळाला पाणी येतं ते राकसकोप आणि हिडकलहून. जूनमध्ये राकसकोपची पातळी किती फूट झाली ही आमच्याकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखी रोज पेपरात बघायची गोष्ट, 2475 फूट झाली की शहर सुस्कारा सोडतं. पण ते पाणी घरी पोचायला हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनपासून लक्ष्मी टेकडीपर्यंत चढवावं लागतं. हिडकलचं तर त्याहून लांबून. म्हणजे प्रत्येक घागरीमागे वीज आहे. गळक्या जलवाहिनीतून रस्त्यावर वाहणारं पाणी ही पाण्याची नासाडी तर आहेच, पण चढवून आणलेल्या विजेचीही आहे. शहराच्या दहा वॉर्डांत 2008च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा प्रयोग जागतिक बँकेच्या मदतीनं झाला, आता तो सगळ्या शहरात नेण्याचं काम चालू आहे. तेही जागतिक बँकेच्या कर्जातूनच. ज्या रस्त्यावर नवा डांबर पडला त्याच रस्त्यात पाइपसाठी खड्डा, हे चित्र कुठल्या गल्लीत नाही ते दाखवा.

सौर दिवे आणि भिंतीवरची हिरवी चित्रं दिसायला चांगली असतात. शहराचं खरं पर्यावरणाचं बिल मात्र पंपांच्या मीटरवर आहे. इंदूर महापालिकेनं फेब्रुवारी 2023मध्ये हरित कर्जरोखे, म्हणजे ग्रीन बाँड, काढून 244 कोटी उभे केले, ते जलुद इथल्या 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. कारण नर्मदेचं पाणी चढवायचं वीजबिल त्यांना पेलवत नव्हतं, आणि ते बिल किती आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. कुणीतरी सभेत उठून ‘आपणही बाँड काढू’ म्हणेल, म्हणून हे आत्ताच लिहितो. बाँडआधी लेखापरीक्षित ताळेबंद लागतो, पतमानांकन लागतं, नियमित वसुली लागते. आपण तूर्त पंपांची वीज, गळती आणि विहिरी यांचा एक तक्ता काढला तरी पुष्कळ. शहरातल्या किती सार्वजनिक विहिरी चालू स्थितीत आहेत, किती कचऱ्यानं भरल्या, किती बुजवल्या, हे वॉर्डनिहाय प्रसिद्ध करा. बागांना, रस्ते धुवायला, बांधकामाला विहिरीचं पाणी चालतं. तिथं लक्ष्मी टेकडीचं पाणी कशाला?

गणेशोत्सवात कपिलेश्वर तलाव आणि जक्केरी होंड भरून घ्यायचे, विसर्जन झालं की उपसायचे, यावरही दरवर्षी पाणी, पंप आणि माणसं लागतात. तो खर्च उत्सवाचा म्हणून लिहिला जातो. तोही पाण्याच्या पानावर लिहावा एवढंच म्हणतो, उत्सवाला हात लावायला मी सांगत नाही.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तुरमुरीचा डेपो शहराचा आहे आणि त्रास तुरमुरी-बाचीच्या लोकांचा, वेंगुर्ला रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाला ते कळतं. ओला-सुका वेगळा करून आम्ही दारात द्यायचा आणि गाडीत तो एक व्हायचा, हे जोवर चालू आहे तोवर जागृतीच्या रिक्षेवरचा खर्च वाचवावा. झाडांबद्दलही एकच. कर्नाटकात 1976चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, पन्नासाहून जास्त झाडं एका कामात जाणार असतील तर जाहीर सूचना काढून लोकांचं ऐकावं लागतं. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांसाठी टिळकवाडीच्या लोकांना रस्त्यावर यावं लागलं होतं. कामाचा आराखडा कागदावर असतानाच ऐकून घेतलं असतं तर दोन्ही बाजूंचा वेळ वाचला असता.

आता ऐकून घेण्याचं. अंदाजपत्रकाआधी नागरिकांच्या सूचनांची बैठक होते हे मला माहीत आहे. ती महापालिकेच्या सभागृहात, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी होते. तिथं येतात ते संघटनांचे पदाधिकारी आणि निवृत्त मंडळी. त्यांचं म्हणणं मोलाचंच असतं, पण लावणीच्या शेतकऱ्याला, यंत्रमागावरच्या कामगाराला, चार घरची भांडी करणाऱ्या बाईला ती बैठक झाली हेच दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं, कळलं तर. पुणे महापालिकेनं 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातली लहान कामं सुचवून घेऊन ती अंदाजपत्रकात धरायची पद्धत सुरू केली. त्यातही फूटपाथ आणि बाकड्यांचीच भरती होते अशी तक्रार असते, पण अर्ज कुठं द्यायचा हे निदान माणसाला ठाऊक असतं.

आपल्याकडे त्याहून मजबूत आधार आहे. 74वी घटनादुरुस्ती आणि कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 यांत वॉर्ड समित्या आहेत. नगरसेवक अध्यक्ष, सोबत वॉर्डातली माणसं, त्यात महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधींना जागा. वॉर्डाच्या विकासाचा आराखडा सुचवणं हे त्यांच्या कामात येतं. या समित्या फलकापुरत्या राहू नयेत. जानेवारीआधी प्रत्येक समितीची निदान एक बैठक फक्त पाणी, नाला आणि कचऱ्यावर घ्या, रविवारी घ्या, आणि बळ्ळारी नाल्याकाठच्या वॉर्डांची एकत्र घ्या. इतिवृत्त वॉर्डात लावा.

आणि ते मराठीतही लावा. यात राजकारण आणू नये ही विनंती, मीही आणत नाही. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो जेव्हा लागायचा तेव्हा लागेल, पण नाला तोवर थांबणार नाही. ज्या भागात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात हे तत्त्व देशानं कधीच मान्य केलेलं आहे. कन्नड असायलाच हवी, राज्याची भाषा आहे. तिच्या खाली तोच मजकूर मराठीत असला तर कामाचा फलक, रक्कम, मुदत, कंत्राटदाराची जबाबदारी हे सगळं वाचून विचारणारी माणसं दुप्पट होतील. अभियंत्यांना नको वाटेल ते कदाचित हेच. गाळ किती ब्रास काढला असं लिहिलंय आणि प्रत्यक्षात कुठं टाकला, हे शिवारातल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. त्याला फलक वाचता आला पाहिजे, एवढंच.

एक गोष्ट राहिली. नवी योजना जाहीर झाली की पंधरा दिवसांत डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मागतात. मग बाहेरगावचा सल्लागार येतो, दुसऱ्या शहराच्या अहवालात नाव बदलतो आणि आपला आराखडा तयार होतो. त्याला दोष काय द्यायचा, त्याला वेळच तेवढा असतो. तो वेळ आपल्याला आत्ता मिळू शकतो. नाल्याची रुंदी मोजणं, उंचसखल नकाशा, मोऱ्यांची मापं, विहिरींची यादी, पंपांची वीज, ही कामं कुठल्याच योजनेची वाट न बघता स्वतःच्या उत्पन्नातून करता येतात. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ इथंच आहे. पावसाळ्यात मुलांना मोजमापाला पाठवा. 2019च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय आणि नाले कुठपर्यंत चढले होते याच्या खुणा अजून लोकांना दाखवता येतात, पाच-दहा वर्षांनी येणार नाहीत. तयार आराखडे कपाटात असले की योजना आली की तिच्या मापाचं काम शोधायला लागणार नाही, कामाच्या मापाची योजना निवडता येईल.

या पत्राला उत्तर म्हणून मला भेटीची वेळ नको आहे. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत बळ्ळारी नाल्याचं एक पान टेबलावर ठेवा. त्यात चुका असतील, आकडे अपुरे असतील, दोन खात्यांचे हिशेब जुळणार नाहीत. चालेल. पहिल्या वर्षी ते तसंच असणार. ते पान दोन्ही भाषांत छापा आणि येळ्ळूर रस्त्यावर, वडगावात, हलग्यात, जुने बेळगावात लावा. दुरुस्त्या आम्ही सांगू.

आपला विश्वासू,
वडगावचा एक घरपट्टीदार आणि येळ्ळूर शिवारातला शेतकरी

प्रत माहितीसाठी आणि पुढील कार्यवाहीसाठी :
मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
मा. आयुक्त, बुडा
मा. कार्यकारी अभियंता, लघु पाटबंधारे खाते
मा. अध्यक्ष, ग्रामपंचायत येळ्ळूर